शटर नेमकं कुठे ओरडतं?

शटर आवाज करायला लागलं, की बहुतेक दुकानांत एकच उपाय होतो: तेलाचा डबा. कोणी खोबरेल ओततं, कोणी शेजारच्या गॅरेजमधून जळकं ऑइल आणून दोन्ही बाजूंच्या गाईडमध्ये सोडतं. दोन दिवस बरं वाटतं. पंधरवड्यात आवाज परत येतो आणि शटर ओढायला आधीपेक्षा जड झालेलं असतं. मग आणखी तेल.

तेल घालण्याआधी शटरचं कोणी नीट ऐकलेलं नसतं, म्हणून हे होतं. शटरचा प्रत्येक आवाज एका ठरावीक भागातून निघतो. तो भाग कोणता, हे ओळखायला एक खडू, एक मदतनीस आणि रस्त्यावर गर्दी नसतानाची दहा-पंधरा मिनिटं पुरतात. एकदा जागा कळली की कुठे तेल हवं, कुठे हातोडी हवी आणि कुठे आपण हातच लावायचा नाही, हे आपोआप ठरतं.

गुंडाळणारी भिंत

दुकानाला, गोदामाला किंवा बंगल्याच्या पार्किंगला असतं ते रोलिंग शटर म्हणजे पत्र्याच्या लांब पट्ट्यांचा पडदा. प्रत्येक पट्टीच्या दोन्ही कडांना आकड्यासारखं वळण दिलेलं असतं. एका पट्टीचं वळण दुसरीच्या वळणात बाजूने सरकवलं की बिजागरी तयार होते. पट्टी साधारण ७५ ते ८० मिलिमीटर रुंद असते, म्हणजे २.४ मीटर उंचीच्या शटरमध्ये तीसेक पट्ट्या आणि जवळजवळ तितक्याच बिजागऱ्या आल्या. आयएस ६२४८ हे १९७९ सालचं भारतीय मानक खास धातूच्या रोलिंग शटरांसाठी आहे. सरकारी बांधकामांच्या नियमांप्रमाणे साडेतीन मीटर रुंदीपर्यंतच्या शटरला ०.९ मिलिमीटर जाडीचा पत्रा लागतो, त्याहून रुंद शटरला आणखी जाड. प्रत्येक पट्टी सलग असावी, मध्ये वेल्डिंगचा जोड नसावा, अशीही अट असते. पैसे वाचवायला पातळ पत्रा वापरला, तर ते शटर वाऱ्याच्या झोतानेही वाजतं. त्यावर कोणतंही तेल चालत नाही.

पडद्याच्या दोन्ही कडा भिंतीला ठोकलेल्या लोखंडी गाईडमध्ये वरखाली सरकतात. वरच्या पेटीत एक आडवा पाइप असतो. तो दोन्ही टोकांना भिंतीतल्या ब्रॅकेटवर घट्ट आवळलेला असतो. हाताने ओढायच्या शटरात हा पाइप स्वतः फिरत नाही. फिरतात ती त्याच्यावर बसवलेली चाकं. पडद्याची सर्वांत वरची पट्टी या चाकांना जोडलेली असते आणि चाकांच्या पोटात स्प्रिंग असते. शटर खाली ओढताना आपण नकळत ही स्प्रिंग पिळत असतो. वर ढकलताना तीच स्प्रिंग उलगडत जाऊन भार उचलते.

हा भार किती असतो? ०.९ मिलिमीटर जाडीचा सपाट पत्रा चौरस मीटरला सुमारे ७ किलो भरतो. पट्टीच्या वळणांत जास्तीचा पत्रा जातो, खाली जाड पट्टी आणि कुलपाच्या पट्ट्या असतात. तीन मीटर रुंद, २.४ मीटर उंच शटरचा पडदा त्यामुळे सहज ६० किलोंच्या पुढे जातो. रोज सकाळी एका हाताने तो वर जातो, कारण वजन स्प्रिंगने पेललेलं असतं. स्प्रिंगची ही ताकद पुढे पुन्हा आठवावी लागेल.

आवाज तयार कसा होतो

शटरमध्ये आवाज मुख्यतः दोन प्रकारे जन्मतो: ठोक्याने आणि घासण्याने.

ठोक्याचा आवाज थोडाफार राहणारच. पट्टी चाकावर गुंडाळली जाताना सपाट रेषेतून वळणावर येते आणि प्रत्येक वेळी एक टक् होते. दोन सेकंदांत शटर वर सारलं, तर तीस पट्ट्यांचे तीस ठोके, म्हणजे सेकंदाला पंधरा. आपण ज्याला खडखडाट म्हणतो तो हाच. एकसारखा, मधे न अडणारा खडखडाट हे धडधाकट शटरचं लक्षण आहे. तो कमी करता येतो, नाहीसा करता येत नाही.

घासण्याचा आवाज मात्र बिघाड सांगतो. दोन कोरडे धातू एकमेकांवर सरकताना अखंड सरकत नाहीत. ते क्षणभर चिकटतात, ताण साठतो, मग एकदम सुटतात, पुन्हा चिकटतात. केंब्रिजमध्ये बोडेन आणि लेबेन या संशोधकांनी १९३९ साली ही अडण्या-सुटण्याची क्रिया मोजून दाखवली. हे अडणं-सुटणं सेकंदाला शेकडो वेळा झालं, की कानाला किंकाळी ऐकू येते. सारंगीच्या गजाला राळ लावतात ती तारेवर हीच क्रिया घडावी म्हणून. शटरला ती घडू द्यायची नसते.

जन्मलेला आवाज लहानच असतो. मोठा होतो तो पत्र्यामुळे. सात-आठ चौरस मीटरचा पातळ पत्रा कंप पावला, की पुढची-मागची हवा हलवतो. वरची पोकळ पेटी त्यात भर घालते. म्हणून किंकाळी सगळ्या शटरमधून येतेय असं वाटतं आणि कान फसतो. उगम शोधायला नुसतं ऐकणं पुरत नाही, थोडी युक्ती लागते.

खडूची परीक्षा

मोटारीचं शटर असेल तर आधी मुख्य वीज बंद करा आणि हाताने चालवायची सोय वापरा. मदतनीसाला शटर अगदी सावकाश वरखाली करायला सांगा. तुम्ही आधी डाव्या गाईडजवळ, मग उजव्या गाईडजवळ उभे राहा. आवाज आला, की ‘थांब’ म्हणा. त्या क्षणी दोन खुणा करा: एक गाईडवर, आवाज आला त्या उंचीवर; दुसरी त्याच उंचीला असलेल्या पट्टीवर. हे चार-पाच वेळा करा, वर जाताना आणि खाली येताना वेगळं. मग खुणा बघा.

सगळ्या खुणा गाईडवर एकाच जागी जमल्या, पण पट्ट्या दरवेळी वेगळ्या निघाल्या, तर दोष गाईडमध्ये. तिथून जाणारी प्रत्येक पट्टी त्याच ठिकाणी कण्हते.

खुणा एकाच पट्टीवर जमल्या आणि गाईडवरची उंची बदलत राहिली, तर दोष त्या पट्टीत. ती जाईल तिथे आवाज नेते.

खुणा ठरावीक अंतराने पडल्या, तर दोष वर फिरणाऱ्या चाकांमध्ये. समजा चाकाचा व्यास २० सेंटिमीटर आहे. त्याचा परीघ सुमारे ६३ सेंटिमीटर, म्हणजे एका फेरीत आठेक पट्ट्या. पडदा गुंडाळत जाईल तसा गुंडाळीचा व्यास वाढतो, म्हणून पुढच्या फेऱ्यांत हे अंतरही थोडं थोडं वाढतं. साठ-सत्तर सेंटिमीटर शटर सरकलं की एकदा ‘घर्र’, पुन्हा तेवढ्याने ‘घर्र’, असं असेल तर गाईडमध्ये कितीही तेल घाला, उपयोग नाही.

आवाज फक्त सुरुवातीला किंवा शेवटी आला, मधल्या प्रवासात काहीच नसलं, तर बघायचं कुलपाच्या पट्ट्यांकडे, खालच्या जाड पट्टीकडे आणि वरच्या अडकणीकडे.

दिशाही महत्त्वाची आहे. दोन्ही दिशांना सारखा आवाज म्हणजे बहुधा खोच, गंज किंवा कोरडेपणा. फक्त खाली ओढतानाच आवाज येत असेल, तर तुम्ही शटर ओढता कसं ते बघा. शटरला दोन मुठी असतात. घाईत माणूस एकच पकडून ओढतो. पडदा तिरका होतो, एका बाजूची कड गाईडच्या भिंतीवर दाबली जाते आणि किंचाळते. दोन्ही मुठी धरून, किंवा बरोबर मध्ये पाय अथवा आकडा लावून ओढल्यावर आवाज गेला, तर दुरुस्ती झाली. खर्च शून्य.

गाईडमधला कचरा आणि खोच

एकाच जागी येणाऱ्या आवाजाची कारणं शोधायला टॉर्च घ्या आणि गाईडच्या खोबणीत डोकवा. आपल्याकडच्या गाईडमध्ये नुसती धूळ नसते. गुटख्याच्या पुड्या असतात, हाराचे दोरे असतात, लिंबू-मिरचीची तार असते. पूजा झाल्यावर उदबत्ती खोवायला गाईडची फट सोयीची पडते, त्यामुळे जळक्या काड्यांचे तुकडेही निघतात. दुकान उघडल्यावर उंबऱ्यावर पाणी शिंपडण्याची पद्धत चांगली आहे, पण ते पाणी गाईडच्या तळाशी साचतं. जुन्या शटरांच्या गाईड बहुतेक वेळा खालच्या वीतभर भागातच गंजून फुगलेल्या दिसतात. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. खोबणी अरुंद होते आणि पट्टी अडते.

मुंबई, कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर हे फार लवकर होतं. हवेतलं मीठ लोखंडावर बसतं, ओलावा धरून ठेवतं आणि रंगाच्या पापुद्र्याखालीही गंज पसरत जातो. किनाऱ्यावर नवं शटर घेताना जस्ताचा थर दिलेल्या पट्ट्या आणि गाईड घेणं पुढच्या कटकटीच्या मानाने स्वस्तच पडतं.

साफ करायचा क्रम साधा आहे. शटर पूर्ण वर न्या. जुन्या, ताठ दात्यांच्या ब्रशने खोबणी वरून खाली खरवडा. चिकट काळा थर असेल तर पातळ पट्टीला फडकं गुंडाळून, त्यावर थोडं रॉकेल किंवा थिनर घेऊन तो पुसून काढा. आसपास दिवा, उदबत्ती, विडी काही पेटलेलं नको. गंज पॉलिशपेपरने घासा. तळाशी पाणी निघून जायला वाट आहे का ते बघा. मग सगळं कोरडं पुसा.

एवढ्यानं आवाज थांबला नाही, तर गाईडला खोच असते. मागे येणारा टेम्पो, माल उतरवताना आपटलेली हातगाडी, टेकवलेली मोटारसायकल, यांचे घाव गाईडवर पडतात. खोच डोळ्यांना दिसत नाही, पण पट्टीला कळते. जुन्या पट्टीचा हातभर तुकडा मिळवा आणि तो खोबणीतून वरपासून खालपर्यंत सरकवा. जिथे तो घट्ट होईल तिथे गाईड आत दबली आहे. तिथे आतल्या बाजूने लाकडी ठोकळा ठेवून हातोडीने हळूहळू सरळ करा. ठोकळ्याशिवाय सरळ लोखंडावर हातोडी मारली तर एक खोच जाते आणि दोन येतात.

बाजूला सरकलेली पट्टी

आवाज पट्टीबरोबर प्रवास करत असेल, तर ती पट्टी बहुधा बाजूला सरकलेली असते. पट्ट्या एकमेकींत बाजूनेच घातलेल्या असल्यामुळे त्या बाजूनेच बाहेर येऊ शकतात. हे होऊ नये म्हणून पट्ट्यांच्या टोकांना क्लिपा बसवतात किंवा टोकं ठोकून बंद करतात. क्लिप झिजली वा गळून पडली, की दरवेळच्या हिसक्याने पट्टी केसभर सरकते. वर्षभरात तिचं टोक गाईडच्या तळाला टेकतं आणि घासायला लागतं. दुसऱ्या टोकाला तीच पट्टी गाईडमधून बाहेर येण्याच्या बेतात असते. जोराच्या वाऱ्यात शटर गाईडमधून निसटतं ते अशाच ठिकाणी.

शटर अर्धं उघडं ठेवून, खाली भक्कम लाकडी टेकू लावून उभे राहा आणि पट्ट्यांची टोकं एका रेषेत आहेत का ते दोन्ही बाजूंनी बघा. सरकलेलं टोक लाकडी ठोकळ्यावर हळू ठोके देत परत आत ढकलता येतं. पण नवी क्लिप बसवली नाही, तर ती पट्टी पुन्हा सरकणारच. बोटं पट्ट्यांच्या सांध्यात घालू नका. शटर थोडं जरी खाली आलं, तरी ते सांधे कात्रीसारखे मिटतात.

पट्टीला पोचा आला असेल, तर गुंडाळताना ती शेजारच्या थरावर घासते आणि पत्र्याचा ‘डब्ब’ असा आवाज येतो. किरकोळ पोचा ठोकून काढता येतो. वळणच चिरलं असेल तर ती एक पट्टी बदलणं बरं. अख्खा पडदा बदलायची गरज क्वचितच असते.

वरच्या पेटीतले आवाज

फेरीगणिक येणाऱ्या घरघरीचं मूळ पेटीत असतं. चाकांच्या बेअरिंगमधलं ग्रीस वाळलेलं असतं किंवा धुळीने कडक झालेलं असतं. ‘शटर ग्रीसिंग’ अशी पाटी लावलेले कारागीर याच कामासाठी असतात. पेटीचा पत्रा उतरवून, जुनं ग्रीस पुसून नवं भरलं की घरघर जाते. बेअरिंगची गोळी फुटली असेल तर घरघरीत मध्येच कटकट मिसळते. ते बेअरिंग बदलावं लागतं.

शटर सुरू करताना वरून ‘टण’ असा एकच ठोका येत असेल, तर ब्रॅकेटचे बोल्ट सैल झालेले असण्याची शक्यता जास्त. रोजच्या कंपाने भिंतीतले बोल्ट ढिले होतात, विशेषतः विटांच्या जुन्या भिंतीत. हा आवाज छोटा असला, तरी दुर्लक्ष करण्यासारखा अजिबात नाही. त्या दोन ब्रॅकेटवर पडदा, पाइप आणि स्प्रिंग यांचं सगळं वजन तोललेलं असतं. ब्रॅकेटभोवती गिलाव्याला ताजी भेग दिसली, तर शटर वापरणं थांबवा.

पेटीत कबुतरं आणि उंदीर घरटी करतात. काड्या, चिंध्या, प्लॅस्टिकचे तुकडे गुंडाळीत सापडले की सरसर, खसखस असा आवाज येतो आणि तो रोज बदलतो. रोज बदलणारा आवाज ऐकला की आधी घरट्याचा संशय घ्यावा.

स्प्रिंगला हात लावू नका

आतापर्यंतची बरीच कामं घरच्या घरी होण्यासारखी होती. स्प्रिंगचं काम तसं नाही. ६० किलोंचा पडदा वर जाताना त्याचा मध्यबिंदू सुमारे १.२ मीटर उचलला जातो. त्याला लागणारी ऊर्जा ७०० ज्यूलच्या घरात जाते. म्हणजे शटर बंद असतं तेव्हा ६० किलोंचं पोतं छातीइतक्या उंचीवरून पडण्याइतका दणका त्या गुंडाळलेल्या पोलादात साठलेला असतो. चुकीचा बोल्ट सैल केला, तर तो दणका पान्याच्या दांड्यातून हातात येतो.

पण स्प्रिंगची तब्येत लांबून तपासता येते. शटर अर्ध्या उंचीला नेऊन हात अलगद सोडा, पाय आणि डोकं बाजूला ठेवून. ते तिथेच थांबलं किंवा अगदी सावकाश सरकलं, तर ताण ठीक आहे. धाडकन खाली आलं, तर स्प्रिंग ढिली पडली आहे किंवा तुटली आहे. झपकन वर गेलं, तर ताण जास्त आहे. शटर बंद करताना खालून येणारा ‘धाड’ आणि उघडताना वर बसणारा दणका हे बहुतेक वेळा या बिघडलेल्या तोलाचेच आवाज असतात.

कधी पेटीतून फटाक्यासारखा एकच मोठा आवाज येतो आणि त्यानंतर शटर एकदम जड होतं. स्प्रिंग तुटली असं समजा. चार माणसं लावून ते रेटत राहू नका. ते अर्ध्यावरून कोसळू शकतं. खाली टेकू देऊन कारागीर बोलवा. एक स्प्रिंग तुटली तर दुसरीही त्याच वयाची असते, म्हणून दोन्ही एकदम बदलून घेणं शहाणपणाचं. तुमचं शटर फार मोठं असेल, तर मुळात ते हाताने ओढायचं असावं का हेही विचारा. सुमारे १२ चौरस मीटरच्या पुढे गिअर, साखळी किंवा मोटार लागते, असा सर्वसाधारण नियम आहे.

तेल कोणतं, कुठे

साफसफाई आणि सरळीकरण झाल्यावर आता वंगणाची पाळी. आपल्याकडे जे हाताशी असतं ते वापरण्याची सवय आहे, त्यामुळे काय टाळायचं ते आधी बघू.

खोबरेल तेल साधारण २४ अंशांखाली गोठतं. पुण्या-नाशकाच्या हिवाळी पहाटे शटर जड लागतं त्याचं कारण कधीकधी गाईडमध्ये थिजलेलं खोबरेल असतं. स्वयंपाकाची इतर तेलंही हवेशी संयोग होऊन हळूहळू चिकट होतात. जळक्या ऑइलमध्ये इंजिनातला काजळीचा आणि धातूचा सूक्ष्म चुरा असतो. ते कपड्यांवर, मालावर डाग पाडतं आणि कातडीलाही बरं नाही. गाईडमध्ये दाट ग्रीस भरणं ही सर्वांत नेहमीची चूक. उघड्या ग्रीसवर रस्त्याची धूळ बसते, दोन्ही मिळून लोखंड घासणारा लेप तयार होतो आणि पट्ट्यांची टोकं झिजू लागतात. पंधरवड्यात परत येणारा जाडसर आवाज तो हाच.

निळ्या-पिवळ्या डब्यातला डब्ल्यूडी-४० आता गावोगावच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. १९५३ साली अमेरिकेत सॅन दिएगोच्या रॉकेट केमिकल कंपनीने तो पाणी हटवायला आणि गंज रोखायला तयार केला. ४० हा आकडा चाळिसाव्या प्रयत्नाचा. अडकलेलं कुलूप किंवा गंजलेला बोल्ट सैल करायला तो उत्तम. पण तो पातळ असतो आणि लवकर उडतो, त्यामुळे कायमचं वंगण म्हणून त्याच्यावर विसंबू नये. गंज सुटला की पुसून काढा आणि मग खरं वंगण द्या.

गाईडसाठी धूळ न धरणारं वंगण हवं: सिलिकॉनचा फवारा, किंवा तो नसेल तर साधी मेणबत्ती. कोरड्या, स्वच्छ खोबणीच्या आतल्या दोन्ही बाजूंवर मेण घासलं तर बारीक किंकाळी बंद होते. पट्ट्यांच्या सांध्यांना हलका सिलिकॉन फवारा मारून शटर पाच-सहा वेळा वरखाली करा, जास्तीचं पुसून टाका. बंद पेटीतल्या बेअरिंगला मात्र ग्रीसच हवं. कुलपाच्या घरात तेल ओतू नका; पेन्सिलीच्या शिशाची पूड किंवा ग्राफाइटची पूड पुरते.

मोटारीचं शटर, परदेशातलं गॅरेज

मोटारीच्या शटरला वरचे सगळे आजार असतातच, शिवाय स्वतःचे दोन-तीन. साखळी सैल झाली की ती पत्र्यावर फटके मारते. गिअरमधलं वंगण संपलं की चढत जाणारी शिटी ऐकू येते. थांबण्याची मर्यादा चुकली, तर मोटार शटर टेकल्यावरही ढकलत राहते, खालच्या पट्ट्या फुगतात आणि शेवटी दणका बसतो. मर्यादा जुळवण्याचं काम विक्रेत्याच्या माणसाकडून करून घ्यावं.

अमेरिकेत घर असलेल्या मराठी वाचकांपुढचा दरवाजा वेगळा असतो. तिथलं गॅरेज रुंद फळ्यांच्या दरवाजाने बंद होतं. फळ्या बिजागऱ्यांनी जोडलेल्या असतात आणि चाकांवरून रुळात सरकत छताखाली आडव्या जातात. असा वर उचलला जाणारा दरवाजा सी. जी. जॉन्सन यांनी १९२१ साली आणला आणि १९२६ मध्ये त्याला विजेची मोटार जोडली. तिथे गॅरेजच्या वर बहुधा झोपण्याची खोली असते, म्हणून आवाज फार टोचतो. पद्धत मात्र हीच. एकाच जागी आवाज आला तर रूळ बघा, फळीबरोबर सरकला तर चाक किंवा बिजागरी, वरून कुरकुर आली तर स्प्रिंग. लोखंडी चाकांच्या जागी नायलॉनची चाकं बसवली, तर एका दिवसात फरक पडतो. रुळात वंगण घालायचं नाही, तो फक्त पुसायचा. वंगण बिजागऱ्यांना, चाकांच्या बेअरिंगला आणि स्प्रिंगच्या वेटोळ्यांवर हलकं. तिथली साधी स्प्रिंग दहा हजार वेळा उघडझाप होईल या हिशेबाने बनते. दिवसातून चारदा दरवाजा वापरणाऱ्या घरात ती सातेक वर्षांत थकते. आणि १९९३ पासून तिथे बनणाऱ्या घरगुती मोटारींना, खाली काही अडकलं तर दरवाजा उलटा फिरवण्याची यंत्रणा सक्तीची आहे. आवाजाच्या दुरुस्तीनंतर ती चालते का, हे एक फळकूट खाली ठेवून तपासा.

वरच्या मजल्यावरची झोप

इमारतीच्या तळमजल्यावर दूधकेंद्र किंवा बेकरी असली, तर पहाटेचं शटर वरच्या घरांना जागं करतं. यात हवेतून येणारा आवाज थोडा असतो. बराचसा ब्रॅकेटमधून तुळईत आणि तुळईतून भिंतीत चढतो, म्हणून खिडकी बंद करून तो थांबत नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. या मर्यादा सरासरी पातळीच्या असल्यामुळे काही सेकंदांच्या खडखडाटावर त्या सरळ बसत नाहीत. तक्रारीपेक्षा दुरुस्ती लवकर होते. खालच्या जाड पट्टीला रबराची पट्टी लावली की टेकण्याचा दणका जातो. गाईडच्या आत नायलॉनची किंवा पीव्हीसीची पट्टी बसवली, तर पत्रा लोखंडावर वाजत नाही. ब्रॅकेट आणि भिंत यांच्यात रबर द्यायचं असेल तर ते कारागिराकडूनच, बोल्टची पकड न गमावता. आणि शटर सावकाश उघडलं तर सेकंदाला पंधरा ठोके पाचांवर येतात. ते कोणालाही आजच करता येतं.

वर्षातून दोनदा शटरकडे बघावं. मे महिन्याच्या अखेरीस, पावसाआधी: गाईड साफ, गंजावर रंग, तळाची पाण्याची वाट मोकळी. दसऱ्याला हत्यारं-यंत्रं पुसून पूजतो तेव्हा: सांध्यांना फवारा, क्लिपा मोजणं, अर्ध्या उंचीची परीक्षा. बेअरिंगचं ग्रीस वर्षातून एकदा पुरतं, किनाऱ्यावर दोनदा.

आणि कारागिराला फोन करावाच लागला, तर ‘शटर आवाज करतंय’ एवढंच सांगू नका. ‘डाव्या गाईडला, कमरेच्या उंचीवर, फक्त खाली येताना’ असं सांगा. त्याला सोबत काय आणायचं ते कळतं आणि चांगले भाग विनाकारण बदलले जात नाहीत.